स्केच हिरवं झालं म्हणजे पक्कं झालं?

मायक्रॉन: काल इथे नवशिक्यांना सल्ला दिला गेला, "फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डीओएफ (हलायला उरलेली मोकळीक) शून्य झाला, रेषा हिरव्या झाल्या की स्केच पक्कं." साफ चूक. त्रिकोण घ्या: पाया १००, बाजू ६०-६०, पाया एक्स अक्षावर पक्का. शिरोबिंदू वर असो की खाली, तिन्ही मापं पाळली जातात. सॉल्व्हर (मापांची समीकरणं सोडवणारा भाग) बिंदूच्या आत्ताच्या जागेपासून शोध सुरू करतो. पाया ११९ केला की उंची ३३.१७ वरून ७.७३ वर येते, १२० ला त्रिकोण सपाट होतो आणि जॅकोबियनची रँक (स्वतंत्र समीकरणांची संख्या) घसरते. तिथून परत १०० केल्यावर टोक खालीही जाऊ शकतं. रंग हिरवाच!

आडवीउभी: सल्ला माझाच होता आणि मी त्यावर ठाम आहे. आयत मोजा: चार रेषांचे १६ डीओएफ (प्रत्येक टोकाचे एक्स आणि वाय), चार कोपरे जोडून ८ गेले, आडव्या-उभ्या बंधनांत ४. उरले ४. एक कोपरा मूळबिंदूला, मग लांबी-रुंदी, झालं शून्य. बहुतेकांचं स्केच इथपर्यंतही येत नाही आणि पुढचं माप टाकताच भलतीच रेषा सरकते.

डीएक्सएफग्रस्त: शून्याच्या या हट्टापायीच लोक डीएक्सएफ (दुसरीकडची ड्रॉइंग फाइल) आणून सगळ्याला ब्लॉक (आहे तिथेच गोठवणारं बंधन) ठोकतात! हिरवं तर होतं, पण भोक ८ चं १० करायला गेलं की अडतं. ब्लॉक बंदच करा.

आडवीउभी: बंद का? लोगोच्या बी-स्प्लाइनला (मोकळ्या वक्राला) पोलन् पोल (नियंत्रणबिंदू) धरून मापं देत बसणार का?

डीएक्सएफग्रस्त: लोगोला ब्लॉक द्या हो! फ्लँजच्या पीसीडीला (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाला) कशाला? सॉलिडवर्क्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधली आपोआप मापं टाकायची सोयही तसलीच. डेटम (मापं जिथून मोजायची ती जागा) कुठला, याचा विचारच होत नाही.

मायक्रॉन: ब्लॉक राहू द्या, मूळ मुद्दा सुटतोय. नुसती बेरीज-वजाबाकीही फसवते. पाच बिंदूंचा आकार पक्का व्हायला सात अंतरं पुरतात. पण सहा अंतरं पहिल्या चार बिंदूंतच खर्ची पडली, तर पाचवा एकाच अंतरावर फिरत राहतो.

आडवीउभी: ते कागदावर. फ्रीकॅड रँक काढतं, त्यामुळे जास्तीचं अंतर रिडंडंट (गरजेपेक्षा जादा) म्हणून दाखवतं. टोक उलटण्याचं मात्र मान्य करावं लागेल. उपाय सांगा.

मायक्रॉन: शिरोबिंदू पायाच्या मध्याच्या उभ्या रेषेवर ठेवा आणि बाजूंऐवजी उभं अंतर द्या. ते समीकरण रेषीय, चिन्हासकट. दुसरं उत्तरच उरत नाही.

आडवीउभी: ग्राहकाच्या ड्रॉइंगवर बाजू ६० आहे, उंची नाही.

मायक्रॉन: मग उंचीत एक्स्प्रेशन (सूत्र) लिहा: ६० च्या वर्गातून अर्ध्या पायाचा वर्ग वजा, त्याचं वर्गमूळ. बाजू ६० रेफरन्स माप (फक्त दाखवण्यापुरतं) म्हणून ठेवा. पाया १२० च्या वर गेला की वर्गमुळाखाली ऋण संख्या येते, टोक गुपचूप खाली जाणार नाही.