मदत हवी आहे : मॉरिस मायनरचा एसयू पेट्रोल पंप दुरुस्त करू की बदलू?

नमस्कार मंडळी,

गाडी मॉरिस मायनर १००० (जुनी ब्रिटिश कार), इंजिन १०९८ सीसी, वायरिंग मूळचं पॉझिटिव्ह अर्थच (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला) ठेवलंय. पंप एसयू कंपनीचा एल टाइप, इलेक्ट्रिक, बोनेटखाली बल्कहेडवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) बसवलेला. त्याचं काय करावं ते ठरत नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तक्रारी दोन. गाडी काही दिवस उभी राहिली की चावी फिरवल्यावर पंप गप्प. पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकलं की टिकटिक सुरू होते, फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी) भरेपर्यंत भराभर वाजते आणि थांबते. मग दिवसभर त्रास नाही. दुसरी तक्रार अशी की इंजिन बंद आणि चावी चालू ठेवली, तर थांबलेला पंप चार-पाच सेकंदांनी एकेक टिक देत राहतो. कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होत नाही, खाली थेंब नाही, पेट्रोलचा वासही नाही.

पंपाचं झाकण काढून पॉइंट्स (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) पाहिले. एका पॉइंटवर खड्डा पडलाय आणि समोरच्या पॉइंटवर त्याच मापाचा टेंगूळ. बारीक पॉलिश पेपर मारला, मग कोरा कागद मधून ओढून भुकटी काढली. थोडे दिवस पंप चावीसरशी सुरू झाला, पुन्हा ठोकाठोकी आलीच. शेवटी पंप उतरवला, पेट्रोल पूर्ण काढून कोरडा केला आणि गाडीपासून लांब, मोकळ्या जागी बॅटरीला जोडला. प्रत्येक टिकीला पॉइंट्समध्ये जाड निळी ठिणगी दिसते. एवढी ठिणगी असावी का? पंपाच्या टर्मिनलला मीटरवर १२ व्होल्ट येतात, म्हणजे वायरिंग ठीक असावं असं धरून चाललोय.

फॅसेट कंपनीचा सॉलिड स्टेट (पॉइंट्स नसलेला) पंप लाव असं बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही. तो पंप ढकलण्यात चांगला, ओढण्यात कमजोर. मायनरची टाकी मागे आणि खाली, पंप पुढे आणि वर, म्हणजे त्याला टाकीजवळ न्यावं लागणार. शिवाय एल टाइपचं प्रेशर जेमतेम दीड पीएसआय. त्याहून बरंच जास्त प्रेशर दिलं तर नीडल व्हॉल्व्ह (फ्लोट चेंबर भरल्यावर पेट्रोल अडवणारी सुई) बैठकीवरून उचलला जाईल, मग रेग्युलेटर लावा. मला मूळचा पंप ठेवायचाय. टिकटिक थांबली की फ्लोट चेंबर भरला हे कानाला कळतं, ते मला मनापासून आवडतं.

तर पॉइंट्स, डायफ्रॅम (पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा), व्हॉल्व्ह आणि गॅस्केट असं पूर्ण किट टाकावं, की एसयूचाच इलेक्ट्रॉनिक पंप घ्यावा?

प्रतिसाद

कॉइल शाबूत असेल तर किटच टाका. जाड निळी ठिणगी म्हणजे ठिणगी दाबणारा कपॅसिटर गेलाय. तो न बदलता नुसते पॉइंट्स घातलेत तर तेही असेच खाल्ले जातील.

मीटरच्या १२ व्होल्टवर विसंबू नका. पॉइंट्समधून करंट वाहत नसेल तर गंजलेल्या जोडातूनही मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. टर्मिनल आणि पंपाची बॉडी यांच्यात इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. मंद पेटला तर आधी वायर आणि अर्थ बघा.

ओव्हरफ्लो नाही, म्हणजे बंद इंजिनावरच्या टिकटिकीत नीडल व्हॉल्व्हचा दोष बहुधा नाही. कार्ब्युरेटरकडे जाणारा रबरी पाइप चांगल्या स्थितीत असेल तर चिमट्याने दाबून बंद करा. तरीही टिक येत राहिली तर पंपातला सक्शन व्हॉल्व्ह नीट बसत नाही, पेट्रोल टाकीकडे परत उतरतंय. पितळी चकती आणि तिची बैठक साफ करा. तिथे कचऱ्याचा एक कण पुरतो.

डायफ्रॅम सोडताना पंप ताटात धरा. त्यामागे ११ पितळी रोलर असतात, सगळे घरंगळतात. परत बसवताना डायफ्रॅम आत फिरवत न्या, इतका की दाबला तरी रॉकर (पॉइंट्सची उघडझाप करणारी कळ) उलटणार नाही. मग थोडा थोडा बाहेर फिरवत जा. रॉकर जेमतेम उलटायला लागला की तिथून डायफ्रॅमच्या कडेच्या सहापैकी आणखी चार भोकं, म्हणजे दोन तृतीयांश फेरा. पंप मधेच अडकण्याचं कारण बऱ्याचदा ही सेटिंग असते.

धागाकर्ता

मनापासून आभार. कपॅसिटरचा विचार डोक्यातच आला नव्हता. बल्ब आज लावतो, चिमट्याची चाचणी पंप परत बसवल्यावर. एक शंका राहिली : कपॅसिटरऐवजी डायोड असलेलं किट मिळालं तर पॉझिटिव्ह अर्थला चालेल का?

प्रतिसाद

डायोडला दिशा असते. पॉझिटिव्ह अर्थसाठीचाच मागा, इलेक्ट्रॉनिक पंपालाही हेच लागू. साधा कपॅसिटर दोन्हीकडे चालतो, तुम्ही तोच घ्या.