मदत हवी आहे: आईच्या अंगणातली फुलं भेटकार्डांवर टिकवायची आहेत

परसदार

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. येणाऱ्यांना परत जाताना काय द्यायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. डबे नकोत, शाली नकोत, हे आईचंच म्हणणं. शेवटी तीच म्हणाली, "माझ्या अंगणातलं एकेक फूल द्या सगळ्यांना." तिथून हे सुरू झालं. चाळीस भेटकार्डं करायची ठरवली आहेत. प्रत्येकावर तिच्या अंगणातलं फूल आणि आत तिच्या अक्षरात दोन ओळी. घर रत्नागिरीजवळ, मी ठाण्याला. दर पंधरा दिवसांनी जाते आणि फुलं दाबून घेऊन येते.

गेल्या दीड महिन्यात काय जमलं आणि कुठे अडलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल.

कागद जलरंगाचा, जाड (३०० जीएसएम), ए४. मधोमध कापून दोन तुकडे आणि प्रत्येकाची घडी, म्हणजे एका कागदात दोन कार्डं. १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड हातात छान मावतं आणि त्या मापाची पाकिटं तयार मिळतात. मागे जलरंगाचा अगदी पातळ हात, त्यावर वाळवलेलं फूल, देठ-पानं पेननं किंवा दोऱ्यानं आणि कुठे कुठे पांढऱ्या गोआशचा (अपारदर्शक जलरंगाचा) ठिपका, अशी कल्पना आहे. आई एके काळी भरतकाम फार सुंदर करायची, म्हणून थोडा दोरा हवाच असं मनात आहे.

उन्हाळ्यात दाबलेली बोगनवेल सुरेख आली. ती मुळात कागदासारखीच. रंगीत दिसतात त्या पाकळ्या नव्हेतच, ती पानं. खरं फूल म्हणजे मधलं इवलंसं पांढरं. गोकर्ण निळीची निळी राहिली. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण टिपकागदात महिना झाला तरी तो गुलाबीच आहे. फक्त एक टपोरं बोंड देठाला राहिलं होतं, ते वहीतच फुटलं आणि बिया तीन पानांवर उडाल्या.

आता अडचणी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, पारिजातक. आईच्या लेखी अंगण म्हणजे पारिजातक. आजही पहाटे झाडाखाली जुनी साडी अंथरते, फुलं मातीला लागू नयेत म्हणून. तो दाबला की दुसऱ्या दिवशी पाकळ्या पारदर्शक होतात आणि चौथ्या दिवशी चहाचा डाग पडावा तशा तपकिरी. देठ तेवढा केशरी राहतो. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. सोनटक्क्याचीही हीच गत, पण तो नसला तरी चालेल. पारिजातक नसेल तर ही कार्डं आईची वाटणारच नाहीत.

दुसरी, ओल. श्रावणात आमच्याकडे कपाटातले कपडे दमट लागतात. एका वहीतल्या फुलांवर पांढरी बुरशी आली. स्वयंपाकघरातले पेपर टॉवेल वापरून पाहिले, तर त्यांच्यावरची ठिपक्यांची नक्षी जशीच्या तशी पाकळ्यांवर उठली.

तिसरी, चिकटवणं. पांढरा गोंद पाण्यात पातळ करून ब्रशनं लावला तर कार्ड पापडासारखं वळलं आणि गोकर्णीच्या कडेनं निळसर ओघळ आला.

चौथी, दोरा. सुई घालताना साखळी टाक्याच्या ओळीवर कागद तिकिटासारखा फाटतो.

पाचवी, आईचं अक्षर. पुण्याहून आणलेल्या हातकागदावर तिला लिहायला दिलं, तर शाई फुटली. तिचा हात आता थोडा थरथरतो, त्यात शाई पसरली आणि ती म्हणाली, "तूच लिही." ते मला नको आहे. अक्षर तिचंच हवं.

बाजारातली वाळवलेली फुलं किंवा तयार स्टिकर कृपया सुचवू नका. वेळ सहा आठवडे. एक कार्ड मेलबर्नला धाकट्या भावाकडे जायचं आहे, त्याला सुट्टी मिळालेली नाही.

शेवंती

ताई, काय सुरेख कल्पना आहे. फुलं दाबण्याबद्दल सांगते, पंधरा वर्षं करते आहे.

पांढऱ्या पाकळ्या तपकिरी होतात त्याचं कारण कापलेलं वांगं काळं पडतं तेच. पाकळीतला रस हवेशी मिळतो आणि रंग बदलतो. वाळायला जितका वेळ लागेल तितका बदलायला वाव. म्हणून पावसाळ्यात वहीच्या भरवशावर राहू नका. फूल दोन कोऱ्या, गुळगुळीत कागदांच्या मध्ये ठेवा आणि वर कोरडी इस्त्री, वाफ बंद, रेशमी कपड्याला लावतो तेवढीच गरम. दहा-पंधरा सेकंद दाबायची, उचलायची, गार होऊ द्यायचं, परत दाबायची. इस्त्री फिरवायची नाही, नाहीतर पाकळी दुमडते. हाताला कागदासारखं कुरकुरीत लागलं की झालं. तेरडा, अबोली, नेच्याची पानं, सगळं असं करता येईल. फुलं दव सुकल्यावर खुडा, पहाटेची ओली नकोत.

वाळलेली फुलं घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत ओल शोषून घेणारं सिलिका जेल. नारंगी जातीचं घ्या, ओल धरली की हिरवं होतं, लगेच कळतं. निळ्यात कोबाल्ट असतं, ते घरात नको. इतकं केलंत तर बुरशी येणार नाही.

पण खरं सांगते, पारिजातक इस्त्रीनंही पांढरा राहत नाही. पाकळी फार नाजूक आणि पाणीदार. मी नाद सोडला आहे.

कागदकाम

पारिजातकावर माझ्याकडे उपाय आहे आणि तो तुमच्याच मजकुरात आहे. देठ केशरी राहतो, असं तुम्ही लिहिलंय. त्याच देठांनी पूर्वी रेशीम आणि वस्त्रं रंगवत, इतका त्यात रंग आहे. तर देठ खरा घ्या आणि पाकळ्या रंगवा. रंगीत पार्श्वभूमीवर पांढऱ्या गोआशनं भिंगरीसारख्या सहा-सात पाकळ्या काढा. सगळ्या एकाच बाजूला किंचित वळलेल्या हव्यात, टोकाला बारीक खाच. हे वळण चुकलं की तो पारिजातक वाटतच नाही. जमिनीवर पडलेलं फूल नेहमी देठ वर करून पडतं, तेव्हा तसंच पालथं दाखवा आणि मधोमध खरा वाळलेला देठ चिकटवा. झाडाखालचा सडा होतो आपोआप. पार्श्वभूमी ओल्या मातीच्या रंगाची ठेवा, पांढऱ्या कागदावर पांढरं फूल उठणार नाही.

चिकटवण्याबद्दल: गोंदात पाणी घालू नका. दातकोरणीच्या टोकावर फेविकॉलचा मोहरीएवढा थेंब, फुलाच्या मध्यभागी एक आणि प्रत्येक पाकळीखाली एक. चिमट्यानं ठेवा, वर बटर पेपर, त्यावर जाड पुस्तक, एक रात्र. कार्ड वळतं कारण एका बाजूनं ओल लागते आणि तेवढीच बाजू फुगते. म्हणून जलरंगाचं काम कार्डावर थेट करूच नका. वेगळ्या तुकड्यावर रंगवा, वजनाखाली पूर्ण वाळवा, मग दुहेरी टेपनं कार्डावर लावा. बिघडलं तर तुकडा जातो, कार्ड वाचतं.

घडी घालण्याआधी कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेनं कमी जोर लागतो त्या दिशेनंच घडी घाला, उलट घातली तर कणा तडकतो. पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेननं रेघ दाबली की घडी सरळ येते.

उसवण

दोऱ्याचं मी सांगते. सुई थेट कागदात घालायचीच नाही. कार्ड थर्माकोलवर ठेवून आधी सगळी भोकं टोचून घ्यायची, नंतर शिवायचं. दोन भोकांत किमान तीन मिलिमीटर अंतर. साखळी टाक्यात भोकं फार जवळ येतात, म्हणूनच तिकीट होतं. देठाला साधा उलटा टाका पुरे. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्या. कळ्यांना फ्रेंच नॉट (सुईला दोरा गुंडाळून घातलेली छोटी गाठ) छान, पण प्रत्येक कार्डावर तीन-चारच, जास्त झाल्या की कार्ड पाकिटात फुगतं. मागे गाठ मारू नका, दोऱ्याचं टोक चिकटपट्टीनं बसवा.

आणि आई अजून सुई धरत असतील, तर एखादा टाका त्यांनाच घालू द्या. टोचलेली भोकं असली की नजर कमी असली तरी जमतं. माझ्या सासूबाईंनी असंच केलं होतं, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर.

ओसरी

अक्षराबद्दल. हातकागदावर शाई फुटते कारण बऱ्याच हातकागदांना वर खळ लावलेली नसते, कागद शाई पिऊन टाकतो. जुन्या पोथ्यांचा कागद खळ लावून गुळगुळीत दगडानं घोटलेला असायचा, म्हणून बोरूची अक्षरं आजही कडेनं रेखीव दिसतात. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने कागद करायची परंपरा फार जुनी आहे, तुघलकाच्या काळापासूनची सांगतात. आणि पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. गेलात तर 'शाईनं लिहायचा कागद' असं स्पष्ट सांगून मागा आणि कोपऱ्यावर पेन चालवून बघा.

पण माझा सल्ला वेगळा आहे. आईंना कार्डावर लिहायला देऊच नका. चाळीस कार्डं समोर ठेवली की चुकायची भीती वाटते आणि भीतीनं हात जास्त थरथरतो. साध्या, गुळगुळीत, चांगल्या कागदाच्या चिठ्ठ्या कापा, फिकट पेन्सिलनं ओळी आखून द्या, रोज चार-पाच लिहायला सांगा. पेन थोडं जाड धरायचं, पिगमेंट शाईचं, ती पाण्यानं पसरत नाही. मग चिठ्ठी आतल्या बाजूला चिकटवा. दोऱ्याची मागची बाजूही त्याखाली झाकली जाईल.

निळी_दौत

मेलबर्नच्या कार्डाबद्दल सावध करतो, मी तिकडे राहतो. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये वनस्पतिजन्य वस्तूंचे नियम फार कडक आहेत. टपालानं आलेली सुकी फुलं, पानं, बिया तपासणीत अडकतात आणि नष्टही करतात. आमच्याकडे राखीबरोबर आलेल्या अक्षता अशाच गेल्या. तुमच्या वहीत तेरड्याच्या बिया उडाल्या आहेत हे वाचून मुद्दाम लिहितोय, एखादी बी कार्डाला चिकटून येऊ शकते. भावाच्या कार्डावर खरं फूल नको. दाबलेलं फूल ६०० डीपीआयला, म्हणजे बारीक तपशील येईल असं, स्कॅन करा, जाड मॅट कागदावर छापून घ्या, कात्रीनं कापून लावा आणि त्यावर दोरा, गोआश चढवा. खऱ्यासारखंच दिसतं.

सायनोटाइपही (उन्हानं कागदावर छाप उठवायची पद्धत) करता येईल. फुलाची सावली गडद निळ्यात उमटते. पण त्याला कडक ऊन लागतं.

परसदार

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सायनोटाइप राहू दिलं, ऊनच नाही. बाकी सगळं केलं. इस्त्रीनं अबोली इतकी छान आली की आधीची सगळी काढून टाकली. वही झटकून तेरड्याच्या बिया वेचल्या, सतरा निघाल्या, आईनं त्या कुंडीत टाकल्या.

पारिजातकाचं पहिलं कार्ड परवा झालं. पार्श्वभूमीला तपकिरी रंगात थोडी निळी छटा मिसळली, ओली जमीन दिसावी म्हणून. पाच फुलं, सगळी पालथी. पहिल्या दोन फुलांच्या पाकळ्या सरळ आल्या आणि खरंच ती पारिजातक वाटेनात, मग कागद फिरवत फिरवत काढल्या. देठ चिमट्यानं ठेवले. वाळल्यावर देठ थोडा आखडतो, एका बाजूला कलतो, आणि त्यानंच ते जिवंत वाटतं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिनं चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाली, "हे कालचं आहे का? आज तर पाऊस होता, फुलं भिजली सगळी."

चिठ्ठ्या ती रोज दुपारी चहानंतर लिहिते, चार. एकवीस झाल्या आहेत. एकीवर नाव चुकलं तर तिनं ती बाजूला ठेवली आणि नवी घेतली, काही बोलली नाही. 'उसवण' यांचा निरोप सांगितला तेव्हा म्हणाली की भावाच्या कार्डावरचे सगळे टाके ती घालणार, बाकीचे मी घालायचे. भोकं टोचून तयार ठेवली आहेत, शनिवारी घेऊन जाते.

एक शंका राहिली. गोकर्णीचा निळा रंग उजेडात किती टिकेल? कार्ड लोक शोकेसमध्ये उभं करून ठेवतील, बंद ठेवणार नाहीत.

शेवंती

उन्हात फिकट होईल ताई, काही महिन्यांतच. गोकर्णीच्या कडेला आणि शिरांवर निळ्या जलरंगी पेन्सिलचा हलका हात आत्ताच देऊन ठेवा. पाकळी फिकटली तरी आकार राहील. आणि गोकर्णीचं फूल घडीच्या आतल्या पानावर, आईंच्या चिठ्ठीशेजारी घ्या. तिथे उजेड कमी पोचतो.