कोलोरॅडोच्या नॅशनल फॉरेस्टमध्ये तंबूसाठी जागा कशी शोधावी?

डेन्व्हरकर
नमस्कार मंडळी. जुलैच्या अखेरीस माझे सासू-सासरे नाशिकहून आमच्याकडे डेन्व्हरला येत आहेत. त्यांच्यासह आणि सात वर्षांच्या मुलीसह डोंगरात दोन रात्री तंबूत राहावे, अशी आमची फार इच्छा आहे. परंतु रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी आरक्षणाच्या संकेतस्थळावर शनिवार-रविवारच्या सगळ्या जागा भरलेल्या दिसतात. नॅशनल फॉरेस्टमध्ये आरक्षणाशिवाय, विनाशुल्क, कुठेही तंबू लावता येतो असे ऐकले आहे. हे खरे असल्यास जागा कशी शोधावी आणि ती नियमात बसते याची खात्री कशी करावी? आमची गाडी साधी सेडान आहे.

पाऊलवाट
ऐकलेले बरेचसे खरे आहे, फक्त ‘कुठेही’ हा शब्द सोडून द्यावा. नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट ही दोन वेगळी खाती आहेत. फॉरेस्ट सर्व्हिस कृषी खात्याच्या अखत्यारीत येते आणि तिच्या जंगलांत आखीव कॅम्पग्राउंडबाहेर राहण्याची, म्हणजे डिस्पर्स्ड कॅम्पिंगची, साधारणपणे मुभा असते. एका जागी बहुतेक ठिकाणी 14 दिवसांपर्यंत राहता येते, पण ही मर्यादा प्रत्येक जंगलागणिक बदलते.

जागा शोधण्याचे खरे साधन म्हणजे त्या त्या रेंजर डिस्ट्रिक्टचा, म्हणजे जंगलाच्या स्थानिक विभागाचा, ‘मोटर व्हेइकल यूझ मॅप’, म्हणजे कोणत्या रस्त्यांवर गाडी नेता येते ते दाखवणारा नकाशा. तो विनामूल्य मिळतो आणि अव्हेन्झा या नकाशांच्या ॲपमध्ये उतरवून घेतला की मोबाइलला रेंज नसतानाही आपण कुठे आहोत ते त्यावर दिसते. नकाशा रुक्ष, काळा-पांढरा असतो. पण ज्या रस्त्यांच्या कडेने ठिपक्यांची रांग छापलेली असते, तिथे मुक्कामासाठी गाडी रस्त्यापासून ठरावीक अंतरापर्यंत आत नेता येते, आणि ते अंतर नकाशावरच दिलेले असते. प्रत्यक्ष रस्त्यावर कडेच्या अरुंद खुंटावर उभा लिहिलेला रस्त्याचा क्रमांक नकाशाशी ताडून पाहावा. जंगलाच्या हद्दीत खासगी जमिनीचे तुकडेही असतात, त्यामुळे केवळ कुणी ॲपवर खूण केली आहे म्हणून तिथे तंबू ठोकू नये. यानंतर रेंजर कार्यालयाला फोन करून रस्ता उघडा आहे का, सेडान जाईल का आणि आगीवर निर्बंध आहेत का, हे तीन प्रश्न विचारावेत. माझ्या मते तो फोन कोणत्याही ॲपपेक्षा जास्त मोलाचा आहे.

गर्दीच्या भागांत मोकळीक संपत चालली आहे, हेही ध्यानात ठेवावे. क्रेस्टेड ब्यूट या डोंगरी गावाच्या आसपासच्या खोऱ्यांत 2021 पासून फक्त क्रमांक दिलेल्या जागांवरच राहता येते, आणि इंडियन पीक्स विल्डरनेस या संरक्षित रानात उन्हाळ्यात रात्री राहायला परवाना लागतो.

देवराई
वरील माहितीत एक महत्त्वाची भर घालतो. जागा सापडल्यावर जमिनीकडे पाहण्याआधी वर पाहावे. 1990 च्या दशकापासून पाइन बीटल नावाच्या भुंग्याने कोलोरॅडोतील लाखो एकरांवरील लॉजपोल पाइन जातीची झाडे मारली आहेत. त्यांतली अनेक वाळलेली खोडे अजून उभी आहेत आणि साध्या वाऱ्यानेही कोसळतात. खोडावर राळेचे लहान लहान गोळे, सुटलेली साल आणि बिनपानाचा राखाडी शेंडा दिसला, तर ते झाड आपल्या तंबूवर पडू शकेल इतक्या अंतरात मुक्काम करू नये, मग जागा कितीही सुंदर असो.

पूर्वी कुणी तंबू लावून सपाट झालेली, दगडांचे चुलवण असलेली जागाच निवडावी, कारण नवे गवत तुडवले की इतक्या उंचीवर ते पुन्हा रुजायला अनेक वर्षे लागतात. ओढ्यापासून किमान 200 फूट, म्हणजे मोठ्या माणसाची सुमारे 70 पावले, दूर राहावे. जुलैत आगीचे निर्बंध बऱ्याचदा लागू असतात. हे निर्बंध टप्प्याटप्प्याने कडक होतात, आणि पहिल्या टप्प्यातच अशा मोकळ्या जागी शेकोटी पेटवता येत नाही. मात्र बंद करण्याची कळ असलेली गॅसची शेगडी सहसा चालते. तेव्हा सगळा स्वयंपाक शेगडीवर होईल असाच बेत आखावा. अस्वलांचा वावर असल्यामुळे खाऊ, टूथपेस्ट आणि कचरा तंबूत ठेवू नये.

डेन्व्हरकर
दोघांचेही मनापासून आभार. नकाशा उतरवून घेतला. सासूबाईंच्या गुडघ्यांचा त्रास लक्षात घेता शौचालयाची काही सोय होऊ शकेल का?

पाऊलवाट
ताई, मोकळ्या जागी शौचालय नसते. सहा ते आठ इंच खोल खड्डा खणून तो बुजवावा लागतो. गुडघे दुखत असलेल्या व्यक्तीकडून ही अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही. फॉरेस्ट सर्व्हिसच्या अनेक कॅम्पग्राउंडमध्ये काही जागा आरक्षणाबाहेर, प्रथम येणाऱ्यासाठी ठेवलेल्या असतात आणि तिथे बसण्याची सोय असलेले कोरडे शौचालय मिळते. शक्य असल्यास सोमवार ते गुरुवारमधल्या रात्री निवडून सकाळीच पोहोचावे.

नाशिकहून आलेल्या ज्येष्ठांना लगेच लेडव्हिलसारख्या 3,000 मीटरवरच्या ठिकाणी झोपायला नेऊ नये. आधी काही दिवस डेन्व्हरच्या 1,600 मीटरवर राहू द्यावे, मग 2,500 मीटरच्या आसपासची जागा पाहावी. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारावे. जुलैत दुपारनंतर विजांसह पाऊस येतो, म्हणून तंबू दुपारच्या जेवणाआधीच उभा करून ठेवावा.

आपण कोणत्या दिशेला जाणार ते कळवल्यास त्या बाजूच्या नकाशावर ठिपक्यांचे रस्ते कुठे आहेत ते सांगतो.