सहलीला नेलेली वाइन : आपापले अनुभव सांगा

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही आठजण डबे घेऊन नाशिकजवळ एका मित्राच्या शेतावर गेलो होतो. शेजारच्या बागेत वाइनच्या द्राक्षांची काढणी संपत आली होती, त्यामुळे निमित्तही योग्य होते. दोन वर्षे जपलेली शिराझची बाटली मी हौसेने बरोबर घेतली आणि रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हे वाक्य पाठ असल्यामुळे ती निर्धास्तपणे गाडीच्या डिकीत ठेवली. ज्या थंड देशांत हे वाक्य रूढ झाले तिथली खोली त्या काळी 16 ते 18 अंशांची असे आणि आमची डिकी दुपारी एक वाजता चाळिशी ओलांडून गेली होती, हा हिशेब बाटली उघडल्यावर सुचला. पहिल्या घोटाला अल्कोहोल नाकात चढले आणि चव शिजवलेल्या जांभळांसारखी लागली. यजमानांनी काही न बोलता बाटली विहिरीच्या पाण्याच्या बादलीत ठेवली. अर्ध्या तासाने ती पिण्याजोगी झाली, चांगली मात्र झाली नाही.

तेव्हापासून मी बाटली निवडतानाच ती कशी न्यायची याचा विचार करतो. आपण काय निवडले, कसे नेले आणि कुठे फसलात, ते सविस्तर लिहावे. महाराष्ट्रात सार्वजनिक ठिकाणी मद्यपान करता येत नाही आणि परवानाही लागतो, म्हणून किल्ले, धरणाचे काठ, रस्त्याकडेच्या जागा यांचे अनुभव येथे नकोत. खासगी शेत, वाडी, अंगण यांपुरते बोलू. परतीची गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी ताकच प्यावे, हे वेगळे सांगायला नको.

सोलापूरहून

आमच्याकडे जानेवारीत हुरड्याला पाहुणे येतात. आगटीतून काढलेली गरम कणसे हातावर चोळायची, भुसा फुंकून टाकायचा आणि त्या हिरव्या दाण्यांबरोबर शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ आणि दही घ्यायचे, हा आमचा बेत. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या पाहुण्यांनी कॅबर्ने सोव्हिन्यों या रेड वाइनच्या तीन बाटल्या आणल्या. वाइनमध्ये दोष नव्हता, पण लसणाच्या चटणीचा घास आणि त्यावर तो तुरट घोट असे एकत्र आले की तिखट दुप्पट भडकत होते. टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून वाइनमध्ये उतरणाऱ्या घटकाचा, तुरटपणा आणि जास्त अल्कोहोल या दोन्हींमुळे मिरचीचा जाळ वाढतो, हे मी तोंड पोळल्यावरच शिकलो. यंदा मी स्वतः किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन आणली. कोवळ्या ज्वारीच्या दाण्यात मुळातच गोडवा असतो. त्या गोडव्याशी ती जुळली आणि तिच्यातल्या आंबटपणाने चटणीचे तेल जिभेवरून धुऊन नेले. 750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे पाच पेले होतात, या हिशेबाने दहाजणांना चार बाटल्या पुरून उरल्या. माझे वडील एक घोट घेऊन म्हणाले, ‘‘बरी आहे, पण गूळ जरा इकडे सरकवा.’’

पुण्याहून

लग्नाच्या वाढदिवसासाठी मावळातल्या एका शेतघरावर स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणारी वाइन नेली होती. घाटातली वळणे, मागच्या सीटवर लोळणारी बाटली आणि पोहोचल्याबरोबर ती उघडण्याचा उत्साह यांचा एकत्रित परिणाम असा झाला की निम्मी वाइन सतरंजीने प्यायली आणि बूच आंब्याच्या झाडात गेले. अशा बाटलीत गाडीच्या टायरच्या दुपटीहून अधिक दाब असतो आणि वाइन तापली की तो आणखी वाढतो. आता मी पोहोचल्यावर बाटली बर्फ-पाण्यात अर्धा-पाऊण तास न हलवता उभी ठेवतो. मग तारेची जाळी सैल करताना अंगठा बुचावरून काढत नाही, बाटली माणसांपासून दूर तिरपी धरतो आणि बूच घट्ट धरून बाटली फिरवतो. फट्ट असा मोठा आवाज आला तर आमच्या घरी आता ते उघडणाऱ्याचे अपयश मानले जाते.

छत्रपती संभाजीनगरहून

ओपनर विसरलो. डावाच्या दांड्याने कॉर्क आत ढकलला, चहाच्या गाळणीने वाइन गाळली आणि तेव्हापासून सहलीसाठी फिरकीच्या झाकणाचीच बाटली घेतो.

मानहाइमहून, जर्मनी

इकडच्या फाल्त्स भागात द्राक्षमळ्यांच्या कडेने चालत जाऊन बाकावर डबा उघडणे ही उन्हाळ्यातली सर्वसाधारण गोष्ट आहे. उघड्यावर पिण्याला इथे सहसा कोणी हरकत घेत नाही. लोक रिझलिंग या व्हाइट वाइनमध्ये सोड्याचे गार पाणी मिसळतात. त्याला शोर्ले म्हणतात. तिचा पेला अर्ध्या लिटरचा आणि बाहेरून गोल खळगे असलेला, म्हणजे ओल्या किंवा तेलकट हातातून निसटू नये असा. पाणी घातलेली वाइन पाहून मी पहिल्या वर्षी नाक मुरडले होते. पण ऊन 32 अंशांचे असताना थालीपीठ आणि लोणच्याबरोबर तीच सर्वांत शहाणी निवड वाटली, कारण अल्कोहोल निम्म्यावर येते आणि तहानही भागते. मात्र यासाठी भारी बाटली फोडू नये. साधी, कोरडी म्हणजे गोड नसलेली, आंबटसर वाइन पुरते.

अलिबागहून

नाशिककर मित्राच्या सल्ल्याने मी बाटल्यांना ओले फडके गुंडाळून वाडीत सावलीला ठेवल्या. त्याच्याकडे मार्चमध्ये हवा कोरडी असते, फडक्यातले पाणी झरझर उडते आणि बाटली गार होते. आमच्याकडे समुद्राच्या दमट हवेत फडके तासाभराने तसेच चिंब होते आणि आतली वाइन कोमटच. शेवटी मासळीवाल्या मावशींकडून चुरा बर्फ आणला, बादलीत पाणी आणि दोन मुठी खडेमीठ घातले. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवेच्या फटी राहतात, पाण्यामुळे गारवा सगळीकडून भिडतो आणि मिठामुळे ते पाणी शून्याच्याही खाली जाते. पंधरा-वीस मिनिटांत काम झाले. फक्त दोन्ही बाटल्यांची लेबले सुटून बादलीत तरंगू लागली, आणि भारी कोणती व स्वस्त कोणती हे मला स्वतःलाही सांगता येईना. पाहुण्यांनी तळलेल्या बोंबलांबरोबर दोन्ही संपवल्या. बाटल्यांना बर्फाचा थोडा वास येत होता, तो बोंबलांच्या नावावर खपला.