डिपॉझिटचं काय होतं ते माझ्या अनुभवावरून

पोरं पोरं भाड्याने राहतात म्हणून घरमालक त्यांचं डिपॉझिट बुडवतात असं म्हणतात, त्याला मी पूर्ण सहमत. मी एमपीएससीच्या तयारीला पुण्यात सदाशिव पेठेत पेरूगेटजवळ दोन वर्षं होतो, जुनी चार मजली बिल्डिंग, जवळपास प्रत्येक फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं भरून राहणारी पोरं. दोन खोल्यांत आम्ही पाच जण, सकाळी आठनंतर टाकी रिकामी, मग अभ्यासिकेला जाताना तसंच निघायचं. पण खालच्या मजल्यावरच्या काकू फार जीव लावायच्या, प्रीलिमच्या दिवशी पाचही जणांच्या हातावर दही-साखर ठेवली होती त्यांनी, ते अजून आठवतं.

सोडताना मात्र मालकांनी रंगकामाचे म्हणून डिपॉझिटच्या ४० हजारातले १५ हजार कापले. भिंतीला ओल आधीपासून होती पण आमच्याकडे ना फोटो ना रजिस्टर्ड करार, भांडणार कशाच्या जोरावर?

म्हणून नवीन येणाऱ्यांना कळकळीने सांगतो, ११ महिन्यांचा करार असला तरी रजिस्टर करायलाच लागतो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ मध्ये तसं आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. करार लेखी आणि रजिस्टर्ड नसेल तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाला उलटं सिद्ध करावं लागतं. हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आणि सामान आत न्यायच्या आधी भिंती, नळ, गिझर सगळ्याचा व्हिडिओ काढून मालकांना त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅप करा.