मदत हवी आहे: पैठणीच्या पदराला वेव्हलेट पॅकेट लावलं, पण निकाल साध्या ९/७ पेक्षाही वाईट

गोदाकाठचा:

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी मूळचा पैठणचा, नोकरी छत्रपती संभाजीनगरला. मामांचे दोन हातमाग आहेत. हल्ली गिऱ्हाईक यायच्या आधी फोटो मागतं, तोही अख्ख्या साडीचा नाही. पदर जवळून आणि उलट्या बाजूनं हवा असतो, कारण हातमागाची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि जाणत्या बायका तेच आधी बघतात. मामा मोबाइलनं काढून पाठवतात. समोर पोचेपर्यंत जरीच्या रेघांचं पार पिठलं झालेलं असतं. मागच्या महिन्यात एका ताईंनी तोंडावर म्हटलं, "ही पॉवरलूमची दिसायली." मामा दोन दिवस जेवले नाहीत नीट.

म्हणून ठरवलं की पदरांचा एक संग्रह करायचा. फाइल एकच, मोबाइलवर तिचाच लहान आकार उघडावा आणि झूम केलं की पुढचा तपशील उतरावा. वेव्हलेटमध्ये (चित्र ठळक भाग आणि बारीक तपशील असं फोडणारं गणिती रूपांतर) हे आपसूक मिळतं, प्रत्येक पातळी म्हणजे अर्ध्या आकाराचं चित्रच असतं. जेपेग २००० हा फोटो फॉरमॅट त्यावरच उभा आहे. पण वाचताना कळलं की नेहमीचं वेव्हलेट फक्त लो-पास (ठळक, गुळगुळीत) भाग पुन्हा पुन्हा फोडतं, बारीक विणीची माहिती वरच्या, म्हणजे हाय-पास सबबँडमध्ये (बारीक तपशिलाच्या भागांत) तशीच पडून राहते. तिथं वेव्हलेट पॅकेट उपयोगी: कुठलाही सबबँड फोडून बघायचा, खर्च कमी झाला तर फोडलेला ठेवायचा, नाहीतर परत जोडायचा. कॉइफमन आणि विकरहाउझर यांची १९९२ ची बेस्ट बेसिस पद्धत. वाटलं, पैठणीसाठीच केलीय.

पायथनमध्ये लिहिलं. ९/७ फिल्टर (जेपेग २००० मधलाच), लिफ्टिंगनं (फिल्टर छोट्या पायऱ्यांत चालवायची पद्धत), पाच पातळ्या. खर्च म्हणजे थ्रेशोल्डपेक्षा (ठरवलेल्या मर्यादेपेक्षा) मोठे गुणक (रूपांतरानंतरचे आकडे) किती. नंतर सगळ्या सबबँडना एकच क्वांटायझेशन स्टेप (आकडे किती भरड करायचे ते माप) आणि अरिथमेटिक कोडिंग (आकडे कमी बिटांत लिहायची पद्धत). तुलना जेपेग २००० च्या तयार टूलशी, फाइल तेवढीच ठेवून.

निकाल: माझं पॅकेट दोन डीबीनं (डेसिबल, दर्जाचं माप) मागं! जरीचा धागा बरा दिसतो, पण साडीच्या अंगावरच्या सपाट रेशमात ढग आल्यासारखे पट्टे. आणि झाड (कुठला सबबँड किती वेळा फोडला त्याचा आराखडा) बघितलं तर सपाट रेशमालाच शेवटपर्यंत फोडत सुटलंय. तिथं फोडायला आहे काय? तीन रविवार गेले. कुणी सांगेल का कुठं चुकायलोय?

दुसरा छोटा प्रश्न, मागाचा व्हिडिओ असाच वेव्हलेटनं दाबता येईल का?

खारी_बुंदी:

एव्हिफ (तयार फोटो फॉरमॅट) वापरा आणि मोकळे व्हा. चाक पुन्हा कशाला शोधताय?

गोदाकाठचा:

दादा, दुकानासाठी तेच वापरीन. पण शिकायचंही आहे, अर्धवट सोडवत नाही.

बिटमोजणी:

तुमची दोन लक्षणं एकाच रोगाची आहेत असं वाटतंय. दोन गोष्टी सांगा. लिफ्टिंगच्या चार पायऱ्यांनंतर स्केलिंग करताय का, आणि कुठल्या आकड्यानं? आणि हे करून बघा: एका पातळीच्या रूपांतराआधी सगळ्या पिक्सेलच्या वर्गांची बेरीज घ्या, रूपांतरानंतर सगळ्या गुणकांच्या वर्गांची घ्या (या बेरजेलाच ऊर्जा म्हणतात). दोन्ही आकडे इथं टाका.

गोदाकाठचा:

स्केलिंग आहे. लो-पासला १.२३०१७४ नं भागतो, हाय-पासला तेवढ्यानंच गुणतो. जेपेग २००० च्या वर्णनात असंच आहे.

बेरीज केली. आधीच्या चौथाईच्या आसपास येते! पाव हिस्सा! बाकीची ऊर्जा गेली कुठं?

बिटमोजणी:

सापडलं. ऊर्जा कुठं गेली नाही, माप बदललंय.

जेपेग २००० मध्ये लो-पासची डीसी गेन (सपाट भागाचा आकडा किती पट होतो ते) १ ठेवतात. म्हणजे सपाट भागाची किंमत १०० असेल तर पुढच्या पातळीवरही १०० च. लहान आकार बघायला हे सोयीचं. पण ऊर्जा टिकवायची तर ती गेन वर्गमूळ २ हवी. आडवं-उभं दोन्हीकडून धरलं तर एलएल (दोन्ही दिशांनी लो-पास) भाग हवा त्याच्या निम्मा येतो. निम्म्याचा वर्ग पाव. आणि चित्राची बहुतेक ऊर्जा एलएलमध्येच असते, म्हणून बेरीज पावावर आली.

आता बेस्ट बेसिसचं बघा. ती आईचा (फोडायच्या सबबँडचा) खर्च आणि चार लेकरांचा (फोडून निघालेल्या भागांचा) खर्च ताडून बघते, आणि दोन्हीकडं एकच माप आहे असं धरून चालते. तुम्ही आईला किलोच्या मापानं मोजलं नि थोरल्या लेकराला, म्हणजे एलएलला, दोन किलोच्या मापानं. फोडलं की एलएलचे आकडे नुसत्या मापामुळं निम्मे झाले, थ्रेशोल्डखाली गेले, खर्च 'कमी' दिसला. म्हणून झाड सपाट रेशीम फोडत सुटलं. तिथं मिळण्यासारखं काहीच नव्हतं, पण हिशोबात नफा दिसत होता.

ढगांचंही तेच. पाच पातळ्यांनंतर एलएल ३२ पटींनी लहान मापात असतो, आणि तुम्ही सगळ्यांना एकच स्टेप लावली. म्हणजे सपाट रंगाला ३२ पट भरड चाळण आणि एचएचला (दोन्ही दिशांनी हाय-पास) गरजेपेक्षा बारीक. जरीचा धागा बरा, रेशीम ढगाळ. तयार टूल प्रत्येक सबबँडचा नॉर्म (त्याच्या मापाचा आकडा) धरून स्टेप बदलतं, म्हणून ते जिंकलं.

दुरुस्ती एका ओळीची: तुमच्या स्केलिंगनंतर लो-पासला १.४१४२ नं गुणा, हाय-पासला तेवढ्यानंच भागा. एकत्र केलं तर लिफ्टिंगनंतर लो-पासला १.१४९६ नं गुणायचं, हाय-पासला भागायचं. उलट्या रूपांतरात विसरू नका. ९/७ काटेकोर ऑर्थोनॉर्मल (ऊर्जा पूर्ण टिकवणारा) नाही, बेरीज तंतोतंत जुळणार नाही, पण जवळ येईल.

जाता जाता: हाय-पास शाखा पुढं फोडली की वारंवारतेचा क्रम उलटतो. झाडाचा नकाशा काढताना हे धरलं नाही तर चित्र गोंधळाचं दिसतं. कोड बिघडलाय असं समजून अजून एक रविवार घालवू नका, मी घालवलाय.

अर्धवट_शहाणी:

वरचं उत्तर बरोबर आहे. पण मला शंका मूळ फोटोबद्दल आहे. चाचणीला घेतलेला फोटो कुठून आला? मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलाच घेतलाय ना?

गोदाकाठचा:

हो ताई...

अर्धवट_शहाणी:

मग त्यात जेपेगचे ८ बाय ८ चे ठोकळे आधीच बसलेत. तुमचं वेव्हलेट त्या ठोकळ्यांच्या कडा इमानदारीनं साठवायलंय. फोनमधून रॉ फाइल काढा. तेव्हाच रंगाचंही बघा. फोनचं जेपेग बहुधा रंगाची माहिती आडवी-उभी निम्मी करून ठेवतं. हिरव्या काठात लाल-सोनेरी धागा शेजारी शेजारी असला की तिथंच रंग एकमेकांत उतरतो, त्याला वेव्हलेट काय करणार? तुमच्या कोडमध्ये रंगाची माहिती अशीच लहान करत असाल तर बंद करा. पूर्ण आकारात ठेवून स्टेप थोडी भरड ठेवली तरी फाइल फार वाढत नाही.

आणि फोटोत नागमोडी लाटा दिसत असतील तर तो मोआरे आहे. कॅमेरा थोडा तिरका धरा, जातो.

निवांत_निवृत्त:

तिरका धरू नका, जवळ जा. एका धाग्याला निदान तीन-चार पिक्सेल मिळाले की मोआरे राहत नाही. का ते पुढं येईल.

तुमचा धागा वाचून बार्बारा हा चाचणीचा नेहमीचा फोटो आठवला. इमेज प्रोसेसिंग शिकवताना तोच फोटो वापरायचो: डोक्याला रेघांचा रुमाल, रेघांचीच विजार, टेबलावर चौकडी कापड. गुळगुळीत चेहऱ्याच्या फोटोवर पॅकेट साध्या वेव्हलेटच्या फारसं पुढं जात नाही, पण बार्बारावर स्पष्ट पुढं जातं, आणि ते त्या कापडामुळं. तेव्हा तुमची मूळ कल्पना योग्य आहे.

पण मी तुमच्या जागी असतो तर प्रत्येक फोटोत झाड शोधलंच नसतं. अमेरिकेच्या एफबीआयनं १९९३ साली बोटांच्या ठशांसाठी डब्ल्यूएसक्यू हे वेव्हलेटनं दाबायचं मानक ठरवलं. ठसे ५०० डीपीआयवर (इंचाला ५०० ठिपके) स्कॅन व्हायचे, बोटावरच्या रेघांमधलं अंतर माणसामाणसात फार बदलत नाही, म्हणजे ऊर्जा कुठल्या पट्ट्यात येणार हे आधीच ठाऊक. म्हणून त्यांनी झाड एकदाच ठरवलं, ६४ सबबँडचं, आणि तेच सगळ्यांना लावलं. फिल्टर तुमचाच, ९/७. साधारण १५ पट दाबूनही रेघा शाबूत राहतात. झाड ठरलेलं असल्यानं ते फाइलमध्ये लिहायला नको आणि शोधायला वेळही नको.

तुमचंही तसंच आहे. धाग्यांची घनता फार बदलत नाही. बदलतं ते कॅमेऱ्याचं अंतर. स्टँड एकाच उंचीवर बांधून टाका. वीस-पंचवीस पदरांवर दुरुस्त केलेला कोड चालवा, जे झाड वारंवार येईल तेच कायम करा. शोधतानाही नुसते गुणक मोजू नका, बिट आणि बिघाड दोन्ही धरून खर्च काढा. रामचंद्रन आणि वेटर्ली यांनी १९९३ मध्ये हीच सुधारणा केली होती.

जपायची गोष्ट एकच. पुढं कधी स्पिट (आई-लेकराच्या नात्यावर चालणारी कोडिंग पद्धत) वापरायचा मोह झाला तर पॅकेटमध्ये आई-लेकराचं नातं साध्या वेव्हलेटसारखं सरळ राहत नाही, झिरोट्री (शून्य गुणकांचं झाड) नव्यानं मांडावी लागते. आहे ते कोडिंग बरं आहे.

खारी_बुंदी:

माघार घेतो, धागा भारी झालाय. पण आसावलीची वेल आणि मोराची मान गोल असते. आडव्या-उभ्या फिल्टरला गोलाई झेपत नाही, एचएचमध्ये ४५ अंश आणि १३५ अंश एकत्र पडतात. त्यासाठी दिशा बघून चालणारं लिफ्टिंग लागेल ना?

निवांत_निवृत्त:

तत्त्वतः खरं. पॅकेट जुळवून घेतं वारंवारतेशी, डायरेक्शनल लिफ्टिंग जुळवून घेतं कडेच्या दिशेशी. दोन वेगळी दुखणी, दोन वेगळी औषधं. पण दुसऱ्यात प्रत्येक ठोकळ्याची दिशा फाइलमध्ये लिहावी लागते. आधी पहिलं जमू द्या.

व्हिडिओबद्दल: माग जागचा हलत नाही, कॅमेराही नाही, हलतात हात आणि धोटा. काळाच्या दिशेनं वेव्हलेट लावायचं तर दोन फ्रेममधल्या हालचालीच्या रेषेवरून लावावं लागतं, एमसीटीएफ म्हणतात त्याला. नुसतं हार (Haar) हे सगळ्यात साधं वेव्हलेट लावलंत तर दोन फ्रेमची सरासरी निघते आणि विणकराला चार हात दिसतात. धोट्यासारखी झपकन जाणारी वस्तू आली की हालचालीचा अंदाज चुकतो, तिथं लिफ्टिंगची अपडेट पायरी बंद ठेवायची. स्केलेबल व्हिडिओचं (एकाच फाइलमधून लहान-मोठा आकार देणाऱ्या) मानक ठरताना वेव्हलेटवाले स्पर्धेत होते, पण निवड एच.२६४ या व्हिडिओ मानकाच्या विस्ताराची झाली. शिकायला करा, मामांना द्यायला नको.

गोदाकाठचा:

दहा दिवसांनी येतोय, माफी असावी. शनिवारी पैठणला जाऊन सगळं नव्यानं केलं.

पहिलं म्हणजे बिटमोजणी सरांची ओळ. १.४१४२ टाकला आणि बेरीज जवळपास जुळली. नुसत्या तेवढ्यानं ढग गेले. झाडानं साध्या रेशमाला हात लावणं सोडलं, फुटायलंय फक्त एचएल आणि एलएच (एका दिशेनं हाय-पास, दुसऱ्या दिशेनं लो-पास), तेही दोनच पातळ्यांवर. एचएच जवळजवळ अख्खं पडून आहे. रॉ फाइल आणि पूर्ण रंग घेतल्यावर पदराच्या फोटोत आता तयार टूलपेक्षा थोडा पुढं आहे, पाऊण डीबीच्या आत-बाहेर. साडीच्या अंगाच्या फोटोत बरोबरी.

एचएच का फुटत नाही ते कळेना. लॅपटॉपवर मोराची मान पिक्सेल दिसेपर्यंत मोठी करून मामांना दाखवली, म्हटलं ही गोलाई अवघड जायली. मामा हसले. म्हणाले, "गोल कुठंय रं तिच्यात? मागावर गोल काही नसतं. उभा धागा नि आडवा धागा. तिथं एक घर सोडलं, इथं दोन सोडले, लांबून गोल दिसतं." खरंच, नीट बघितलं तर मान म्हणजे नुसता जिना आहे! आडवी पायरी, उभी पायरी. म्हणून सगळी ऊर्जा एचएल-एलएचमध्ये.

मग मुद्दाम तोच पदर पाच-सहा अंश तिरका ठेवून फोटो काढला. एचएचही फुटायला लागलं, आणि तेवढ्याच दर्जाला फाइल वाढली. निवृत्त सर, 'तिरका धरू नका' ते यासाठीच ना? आता पाटावर खडूनं रेघ मारलीय, काठ त्या रेघेला लावूनच पदर अंथरायचा. स्टँड म्हणजे जुन्या शिलाई मशीनचा पाय आहे, पण हलत नाही.

निवांत_निवृत्त:

त्यासाठीच. पायरीचं मी सांगू शकलो नसतो, ते मामांचं. मला वाटलं होतं फक्त पोताला फरक पडेल.

खारी_बुंदी:

म्हणजे डायरेक्शनल लिफ्टिंग गेलं पाण्यात. एक खडूची रेघ पुरली.

अर्धवट_शहाणी:

रंग सुधारला का? हिरव्या काठाचं विचारतेय.

गोदाकाठचा:

सुधारला ताई. लाल धागा आता लालच दिसतो. फक्त जरीचा रंग मामांना अजून पिवळा वाटतो, ते म्हणतात चांदीवरचं पाणी असं नसतं. तो ट्यूबलाइटचा दोष असावा, उद्या अंगणात काढून बघतो. आतापर्यंत अकरा पदर झालेत, पंचवीस झाले की झाड कायम करतो आणि दुरुस्त केलेला कोड इथं टाकतो. व्हिडिओ दिवाळीनंतर.