आईबाबा 5 महिने न्यू जर्सीला चाललेत, मिक्सर न्यावा का?

मिरजेचा_बंड्या
नमस्कार मंडळी, आईबाबा पहिल्यांदाच ताईकडे न्यू जर्सीला चाललेत. विमानाला 3 आठवडे राहिलेत आणि घरात कपड्यांपेक्षा वायरींवरून जास्त भांडणं चाललीत. आईला तिचा 750 वॅटचा मिक्सर न्यायचाच आहे, म्हणते तिकडच्या ब्लेंडरमध्ये चटणी होत नाही, सरबत होतं. बाबांना त्यांचा बटणांचा फोनच हवा. शिवाय बीपीचं मशीन, शुगरचं मशीन, इलेक्ट्रिक किटली, 20000 एमएएचची पॉवर बँक आणि डास मारायची बॅट (हो, बॅट!!). मी एक युनिव्हर्सल अ‍ॅडॉप्टर मागवलाय, त्यावर सगळं चालेल ना? कोणी नेलं असेल तर सांगा.

कोकम_सोडा
बिनधास्त न्या हो. आम्ही लेकाकडे लंडनला गेलो तेव्हा मिक्सर नेलेला, अ‍ॅडॉप्टर लावला की झालं. रोज ओल्या नारळाची चटणी.

डलासची_सून
काका, लंडनला चालणारच, तिथे आपल्यासारखेच 230 व्होल्ट आहेत, फक्त पिना वेगळ्या. अमेरिकेत 120. अ‍ॅडॉप्टर नुसता पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज तेच राहतं, आणि इथेच सगळे फसतात (आम्हीपण). सासूबाई येताना मिक्सर घेऊन आल्या, इथे लावला तर पातं असं फिरायचं जसं काही आमच्यावर उपकारच करतंय, आणि डाळ घातली की गुरगुरून बंद, वर जळका वास. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो पण 750 वॅटला पुरेल असा घ्यायचा तर तो धोंड्यासारखा जड असतो. त्यापेक्षा ताईला सांगा, आपल्या पद्धतीचे, चटणीच्या भांड्यासकट 110 व्होल्टवाले मिक्सर इथेच मिळतात, आणि तुमची ताई तर न्यू जर्सीत, एडिसन-इझलिनच्या ओक ट्री रोडवर आपली दुकानंच दुकानं आहेत. फक्त येताना तो मिक्सर भारतात आणू नका, 230 वर लावला की जळालाच म्हणून समजा.

किटलीचं पण तेच. व्होल्टेज साधारण निम्मं झालं की तापवणाऱ्या वस्तूची ताकद पावावर येते, म्हणजे 1500 वॅटची किटली जेमतेम 400 ने तापणार, आधण येईपर्यंत बाबांची एक डुलकी होईल. इस्त्री, हेअर ड्रायर, पाण्यात सोडायचा रॉड, सगळं घरीच ठेवा. ओळखायची खूण एकच, चार्जरच्या मागे बारीक अक्षरात इनपुट 100-240 छापलंय का बघा. असेल तर बिनघोर न्या. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर बहुतेक असतंच, त्यांना तुमचा अ‍ॅडॉप्टर पुरे.

ओव्याचं_पान
बाबांचा फोन विसरा. तिकडच्या मोठ्या कंपन्यांनी 2022 मध्ये 3जी बंद केलं, आता कॉल 4जीवरून जातात, त्यामुळे जुना बटणांचा फोन म्हणजे घड्याळ आणि टॉर्च. साधा ड्युअल सिम स्मार्टफोन घ्या आणि आत्तापासून हातात द्या, तिकडे जाऊन शिकतील म्हणू नका, शिकत नाहीत, माझे वडील अजून व्हिडिओ कॉलवर कपाळच दाखवतात.

आणि भारतातलं सिम चालू ठेवा!! पेन्शनचं खातं, एफडी, सगळ्याचे ओटीपी त्यावर. निघायच्या आधी रोमिंग चालू करून घ्या, रिचार्जची मुदत बघा, आणि डेटा रोमिंग मात्र बंद. ताई तिकडे आयफोन घेऊन देते म्हणाली तर सावध, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना 14 पासून सिमचा खाचाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं. बाबांचं प्लास्टिकचं सिम घालणार कुठे?

परतीचा_पाऊस
पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत अजिबात नको, हातातल्या बॅगेत. 20000 एमएएच म्हणजे साधारण 74 वॅट-अवर, मर्यादा 100 ची आहे, म्हणजे चालेल. पण आकडा त्यावर छापलेला पाहिजे, पुसला गेला असेल तर तपासणीवाले हुज्जत घालतात. दुबईमार्गे एमिरेट्सने जाणार असाल तर ऑक्टोबर 2025 पासून माणशी एकच, आणि विमानात ती वापरायचीही नाही.

शुगरचं मशीन न्या, पण पट्ट्या 5 महिन्यांच्या मोजून न्या. त्या मशीनच्या त्याच पट्ट्या तिकडे मिळतीलच असं नाही, आणि पट्टीशिवाय मशीन म्हणजे डबडं. पट्ट्या हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. बीपीचं मशीन सेलवर चालतं, सेल तिकडेही मिळतात.

बॅट मात्र ठेवा घरी. तिकडे खिडक्यांना जाळ्या असतात.

मिरजेचा_बंड्या
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, विशेषतः डलासताईंना. ताईला फोन केला, मिक्सर तिकडेच घेतेय. किटली कॅन्सल, बाबांना नवीन फोन आणला, दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते, आता सकाळी आठला सोसायटीच्या ग्रुपवर सुविचार टाकतात.

आईने मिक्सरच्या रिकाम्या जागेत पितळेचं पुरणयंत्र ठेवलंय. म्हणाली, ह्याला कुठे व्होल्ट लागतात?

डलासची_सून
काकूंना नमस्कार सांगा 😂 आणि बॅगेचं वजन करून घ्या.